जी-६-पीडी स्पॉट टेस्ट किट: प्राथमिक तपासणीला उत्तम, स्त्रियांसाठी अपुरं

जी-६-पीडी हे लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी आहे का, हे या किटने कळतं.

वापर सोपा: ईडीटीएमधलं (गोठू न देणाऱ्या रसायनातलं) रक्त किटमधल्या अभिकर्मकात (चाचणीच्या रसायनात) मिसळा, ०, ५ आणि १० मिनिटांनी फिल्टर पेपरवर थेंब ठेवा, वाळल्यावर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहा. चमक म्हणजे एनएडीपीएच हा रेणू तयार होतोय, म्हणजेच एन्झाइम काम करतंय.

खरा धोका वेळेचा. मेडिटरेनियन नावाच्या उत्परिवर्तनात (जनुकातल्या बदलात) एन्झाइमच्या १८८व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअलॅनिन येतं आणि एन्झाइम लवकर निकामी होतं. लाल पेशीत केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनत नाही. म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात. पेशी फुटत असतानाच चाचणी केली तर उरलेल्या तरुण पेशी चमकतात आणि दोष लपतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दोनपैकी एकच जनुक सदोष असलेल्या स्त्रियांत हे किट बऱ्याचदा चुकतं. टॅफेनोक्विन हे मलेरियाचं औषध देण्याआधी तर एन्झाइमची क्रियाशीलता मोजणारी चाचणीच हवी, आणि तिच्यात ती सामान्याच्या ७० टक्क्यांहून जास्त दिसायला हवी.