झुआरीची गाईडवाली ट्रिप की देवबागची होडी? खाडीत गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून शनिवार-रविवार गाठून खाडीत गळ टाकायचा तर दोनच दिशा, आंबोली उतरून गोवा नाहीतर गगनबावडा उतरून मालवण. ओळखीतले तीन-चार जण सारखे विचारतात कुठे जाऊ, प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. चोणक आणि तांबोशी हे खाडीतले मासे कसे दिसतात, ब्रेड म्हणजे गळाची विणलेली दोरी कुठली घ्यायची हे तुम्हाला माहिती आहे असं धरतोय.

मी गोव्यात झुआरी नदीत गाईड घेऊन दोनदा गेलोय आणि मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत होडीवाल्याबरोबर चारदा. या आकड्यांवरून माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल, तरी पुढे वाचा, तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघू शकतं.

आधी गोव्याचं चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. रॉड-रील त्यांचे, आणि धड असतात, गंजकी रीलं हातात देत नाहीत. बोटीला वर कापड असतं, बर्फात गार पाणी असतं, लाइफ जॅकेट न मागता अंगावर चढवतात. गाईड पोरगा पंचविशीतला होता पण हाताला वळण होतं, पुलाच्या खांबाला घासून लूर, म्हणजे नकली आमिष, कशी टाकायची ते त्याने मला अर्ध्या तासात शिकवलं, जे मी घरी व्हिडिओ बघून दोन वर्षं चुकीचं करत होतो. झुआरीला जुना पूल, नवा पूल, वरच्या अंगाला रेल्वेचा पूल, खांबच खांब, त्यांना कालवं चिकटलेली, आणि प्रत्येक खांबामागे पाणी जरा थांबतं तिथे चोणक तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो अशी एकूण थिअरी. थिअरी बरोबरच आहे. फक्त त्यासाठी प्रवाह लागतो, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं.

स्लॉट होता सकाळी सात ते अकरा. बुकिंग करताना मी विचारलं पण होतं की भरती किती वाजता आहे, तर म्हणाले सर आमचा मॉर्निंग स्लॉट सातचाच असतो, फिश मिळतात. बरं. त्या दिवशी सप्तमी. आमच्या आजोबांच्या पिढीला पाऊणकीचा पाढा यायचा, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे मुंबईला सव्वापाचला पूर्ण भरती, गोव्याकडे त्याच्या तासभर आधी. म्हणजे पहाटे सव्वाचारच्या आसपास भरती होऊन गेली आणि आम्ही सातला निघालो ते ओहोटीत, त्यात सप्तमी-अष्टमीचं भांगाचं पाणी, ते धड ओसरतही नाही आणि चढतही नाही. साडेतीन तास आम्ही खांबांना लुरा मारत बसलो. मिळालं काय तर हाताएवढा एक गोब्रा मासा आणि केंड, तो फुगणारा मासा. केंड म्हणजे काय त्रास असतो ते ज्याच्या रबरी शॅडच्या, म्हणजे माशासारख्या लुरेच्या, शेपट्या गेल्यात त्यालाच विचारा, कात्रीने कापल्यासारख्या सफाचट, तीन शॅड गेले माझे.

आणि मग पावणेअकराच्या सुमारास पाणी फिरलं. मी खांबाकडेच बघत होतो. कालवांचा ओला पट्टा होता त्याच्या खालच्या कडेला एक कचऱ्याची काडी अडकलेली होती, बराच वेळ नुसती डुलत होती, ती हळूच उलट्या बाजूला वळली आणि सुटून पुलाखालून आत निघाली. दोन मिनिटांत बोय माशांची पोरं पाण्यावर टपटप उडायला लागली, एका खांबामागे तर धप्प करून आवाज आला, चोणकाचाच, तो आवाज दुसऱ्या कशाचा नसतो. मी रॉड उचलला, आणि गाईडने घड्याळ बघून अँकर ओढायला घेतला. म्हटलं अरे आत्ता तर सुरू झालंय, तर बिचारा म्हणाला सर साडेअकराची पार्टी जेट्टीवर उभी आहे. त्याची काही चूक नाही, तो पगारी माणूस. मी जास्तीचे पैसे देतो म्हटलं तरी त्याच्या हातात नव्हतं. परत जाताना मी मागे वळून वळून त्या खांबाकडे बघत होतो, बायको म्हणाली काय विसरलंय का तिथे.

ही एक गोष्ट. बाकी त्या ट्रिपबद्दल माझी तक्रार शून्य आहे, पण ही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी स्वतः तिथी बघून तारीख काढली, तेव्हा दोन चोणक लागले, एक बोटीपर्यंत आला. म्हणजे जागा वाईट नाही, माणसं वाईट नाहीत. पण मासा घड्याळावर खात नाही आणि मी पैसे घड्याळाचे भरतोय हे काही मला पचेना. गोव्यात सगळेच असं करत असतील असं म्हणणं नाही, पाणी बघून वेळ देणारेही कोणी असतील, मला मात्र दोन्ही वेळा स्लॉटवालेच भेटले.

आता देवबाग. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मधे चिंचोळी पट्टी, टोकाला संगम, पलीकडे भोगवे. माझा होडीवाला पन्नाशीचा, रापणीचं जाळं ओढण्यात आयुष्य गेलेला, आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो आणि कोणी गरवायला आलं तर खूश होतो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी आपला शहाण्यासारखा म्हणालो की उद्या सकाळी सहाला येतो. तो म्हणाला, "उद्या दशमी मां? सकाळी येवन काय करतलात, सुकती आसतली. तीनाक येवा." सुकती म्हणजे ओहोटी. बास. तिथेच माझं अर्धं मत झालं होतं. दहा पाऊणे साडेसात, त्यात तिकडचा तास-पाऊण तास वजा करा, म्हणजे संध्याकाळी सातच्या आसपास भरती, तीनला निघालं की चढतं पाणी दिवे लागेपर्यंत मिळतं. परत कधी यायचं यावर काही बोलणंच झालं नाही, पाणी थांबलं की आपण थांबायचं असं त्याने गृहीतच धरलेलं.

त्याच्याकडे रॉड वगैरे काही नाही. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिसं, गळ, आणि डब्यात जिवंत सुंगटं म्हणजे कोळंबी, सकाळी जाळ्याने पागून ठेवलेली. माझी लूर हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितली आणि परत दिली, काही बोलला नाही. आम्ही वर तिवरांच्या कडेला गेलो, इंजिन बंद, होडी पाण्याबरोबर सरकतेय, तो तंगूस बोटावर धरून बसलेला. तासाभरात माझा रॉड असा वाकला की म्हटलं गेला. ड्रॅग, म्हणजे रीलवरचा दोरीचा ब्रेक, मी सैल ठेवला होता, पळू दे मग दमव, असंच वाचलेलं ना. मासा सरळ मुळांत घुसला आणि तट्ट. होडीवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "पळत नाय ता, घराक जाता." तांबोशीचं हेच आहे, तिला लांब पळायचंच नसतं, दोन वाव अंतरावर तिचं बीळ असतं तिथे पोचली की संपलं. दुसरी लागली तेव्हा ड्रॅग आवळून टाकला, रॉड छातीशी धरून मागे रेललो, तळहाताला वळ उठले पण आली. दीड किलोची असावी, वजनकाटा नव्हता, त्याने हातात तोलून सांगितलं आणि मी मान्य केलं. अंधार पडता पडता एक चोणकही लागला, पाण्याबाहेर येऊन तोंड उघडून डोकं झटकलं आणि कल्ल्याच्या धारेने लीडर, म्हणजे गळाजवळची जाड दोरी, कापून गेला. त्याचं दुःख मी अजून मधून मधून करतो.

तांबोशी त्याच्याच घरी तिरफळं घालून झाली. गोव्यात माझ्या गाईडने मासा सोडायला लावला होता आणि त्याचंही मला पटतं, विशेषतः मोठ्या चोणकाच्या बाबतीत, कारण चोणक आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते, म्हणजे मोठं धूड हाताला लागलं तर ती बहुतेक अंड्यांवरची मादीच असते. होडीवाल्याला मी हे सांगितलं तर तो हसला, पण पुढच्या वेळी मी सोडला तर अडवलं नाही.

देवबागचे त्रास पण लिहितो नाहीतर म्हणाल पार्शालिटी करतोय. होडीला सावली नाही, एप्रिल-मेमध्ये मेंदू वितळतो. चढता-उतरताना गुडघाभर पाणी. लाइफ जॅकेट मागून घ्यावं लागतं, मिळतं पण मागावं लागतं, आणि पोरं बरोबर असतील तर मागाच. सुट्टीच्या दिवशी संगमाजवळ त्सुनामी आयलंडच्या बाजूला जेट स्की आणि बनाना बोटींचा असा गोंगाट असतो की मासा काय माणूसही पळून जाईल, त्यामुळे मी आता सोमवारची रजा टाकून जातो. आणि मालवणात किल्ल्याच्या बाजूचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं, तिकडे गळ टाकायचा हट्ट होडीवाल्याकडे करू नका. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदीच असते, दोन्हीकडे.

खर्च गोव्याचा मला जवळपास दुप्पट पडला, पण त्यात सामान त्यांचं होतं. तुमच्याकडे स्वतःचा रॉड नसेल तर हा फरक तितकासा राहत नाही.

तर ज्याने अजून रॉड धरलाच नाहीये, किंवा बायको-मुलं बरोबर आहेत आणि चार तासांत आटपून बीचवर जायचंय, त्याने गोव्यालाच जावं, मनापासून सांगतोय. फक्त पैसे भरायच्या आधी कालनिर्णय उघडून तिथी बघा आणि स्लॉट चढत्या पाण्यात बसतोय का ते पाढा म्हणून काढा, नसेल बसत तर तारीख बदला, ते बदलून देतात. आणि ज्याला मासाच पाहिजे, उन्हाचं काही वाटत नाही, सामान स्वतःचं आहे, तो एकदा देवबागला जाऊन बघू दे. मी नोव्हेंबरमधल्या अमावास्येनंतरचे दोन दिवस धरून ठेवलेत.

होडीवाल्यांना फोन करायचा तर सकाळी नाहीतर संध्याकाळी. दुपारी एक ते तीन माझा होडीवाला झोपतो, त्या दशमीलाही तीनला बोलावून स्वतः सव्वातीनला डोळे चोळत आला होता.