क्लचची थरथर: रुळू द्यावा की बदलावा?
नव्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारचा क्लच सोडताना गाडी थरथरते. रुळू द्यावा की वॉरंटीत बदलून मागावा, असं धाकट्या भावाने विचारलं.

खर्चात रुळवणं स्वस्त, फक्त पेट्रोल. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून वॉरंटी बरेचदा नाकारतात.

मेहनत मात्र रुळवण्यात. साधारण ८०० किलोमीटर शहरातले, कमी आरपीएमवर (इंजिन फार न फिरवता), अर्धा क्लच न धरता. हायवेचे किलोमीटर इथे जवळपास निरुपयोगी: प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनच्या फिरत्या जड चकतीवर) घासून बसते ती थांबलेली गाडी पुढे काढतानाच. जोरदार लाँच, म्हणजे इंजिन जोरात फिरवून झटकन क्लच सोडणं, नकोच; प्लेट तापून गुळगुळीत, चकचकीत होते आणि नीट पकडत नाही. आणि नवी प्लेटही पुन्हा रुळवावीच लागते.

थंड किंवा दमट सकाळीच थरथर असेल, तर रुळू द्या. गरम झाल्यावर वाढली, जळका वास आला किंवा तेल गळलं, तर लगेच दाखवा.