स्टेंटचे पैसे मिळाले, व्यायामाचे नाहीत : एका आरोग्यविमा पॉलिसीचा अनुभव

वडिलांची अँजिओप्लास्टी बेळगावात झाली, तेव्हा आमच्या विमा कंपनीचे काम चोख होते. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची, मंजुरी वेळेत आली आणि स्टेंटचे बिल विनातक्रार भागले. अडचण सुरू झाली ती घरी आल्यावर. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खालीच डॉक्टरांनी ‘कार्डियाक रिहॅब’ असे लिहून दिले होते, म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, नाडी आणि रक्तदाब पाहत हळूहळू वाढवायचा व्यायाम, आणि सोबत आहारतज्ज्ञाचा सल्ला. आमच्या पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरलेला असल्याने सगळ्या पावत्या त्या कार्डाच्या प्रतीसह पाठवल्या. औषधांचे आणि रक्ततपासण्यांचे पैसे खात्यात जमा झाले. व्यायामाचे आणि आहारतज्ज्ञाचे शुल्क मात्र ‘वेलनेस’, म्हणजे उपचार नव्हे तर तंदुरुस्तीसाठीचा खर्च, असा शेरा मारून नाकारले गेले.

हा शेरा मला मुळीच मान्य नाही. जिना चढताना छातीत दुखेल या भीतीने अंथरूण न सोडणारे बाबा त्या देखरेखीमुळेच पुन्हा चालू लागले, आणि जेवताना पानात वरून मीठ घेण्याची त्यांची जुनी सवय आहारतज्ज्ञ बाईंनी समजावल्यावरच सुटली. आम्ही सांगून ती कधीच सुटली नव्हती. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने आहार, व्यायाम आणि ताणनियंत्रण यांवर आधारलेल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या हृदयरुग्णांसाठीच्या कार्यक्रमाला २०१० मध्येच मान्यता दिली असून, अशा कार्यक्रमाची ७२ पर्यंत सत्रे १८ आठवड्यांत घेता येतात. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी अजूनही रुग्णालयातील खाटेभोवतीच फिरतात. खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला येणाऱ्या रुग्णाला तर शुल्कावर गाडीभाडेही सोसावे लागते, आणि मग उपचार अर्ध्यावर सुटतो.

दाव्याच्या बाबतीत या कंपनीला मी पाचपैकी तीन गुण देईन. पॉलिसी घेण्याआधी ओपीडी लाभात, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या खर्चात, फिजिओथेरपी आणि आहारसल्ला येतो का, हे एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीकडून लेखी घ्यावे. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे शुल्क न भरता आणि वकील न लावता दाद मागता येते. आमचा अर्ज कंपनीकडे गेला आहे.