टाकीवरच्या यंत्रासाठी उपग्रह कोणता: पळणारा की थांबलेला?

एनबी-आयओटी म्हणजे छोट्या यंत्रांनी मोबाइल नेटवर्कवरून थोडासाच डेटा पाठवायचं तंत्र. त्याचं साधं मॉड्यूल टॉवरऐवजी थेट उपग्रहाशी बोलू शकतं, हे या क्षेत्रातल्या मंडळींना नव्यानं सांगायला नको. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ या आवृत्तीत, २०२२ साली, त्याचं मानक ठरलं. अडतं ते पुढच्या पायरीवर. खालच्या कक्षेतले पळणारे उपग्रह घ्यायचे की भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबलेले दिसणारे? हा निर्णय मी एकदा घेतलाय, म्हणून लिहितोय. (‘लिओ’ आणि ‘जिओ’ ही त्यांची इंग्रजी लघुनावं मुद्दाम टाळतोय, मराठीत ‘जिओ’ म्हटलं की सिमकार्डच डोळ्यांसमोर येतं.)

मी पुण्यात फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारं सॉफ्टवेअर, लिहितो. आमचं यंत्र बसतं पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारा भागातल्या गुरांच्या कुरणांवर, पाण्याच्या टाक्यांपाशी. दर सहा तासांनी जागं व्हायचं, पातळी मोजायची, पंधराएक बाइट पाठवायचे आणि पुन्हा झोपायचं. काम एवढंच. पण टाकी रिकामी झाल्याचं वेळेत कळलं नाही, तर त्या उन्हात गुरं तहानेनं मरतात. त्यामुळे एकेक निरोप मोलाचा.

आधी पळणाऱ्या उपग्रहाबद्दल. ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं जातो. २ गिगाहर्ट्‌झच्या आसपास त्याचा डॉपलर, म्हणजे वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक, क्षितिजापाशी ४५ किलोहर्ट्‌झच्या घरात असतो, आणि उपग्रह डोक्यावर आला की तो सेकंदाला ५०० हर्ट्‌झहून जास्त सरकत राहतो. एनबी-आयओटीचा उपवाहक, म्हणजे सिग्नलला मिळणारं फ्रीक्वेन्सीचं घर, १५ किंवा ३.७५ किलोहर्ट्‌झचा. म्हणजे न सावरलेला सिग्नल कितीतरी घरं ओलांडून भलतीकडेच पडणार. वेळेचंही तेच. अंतर एका सेकंदात जवळपास सात किलोमीटरनं बदलू शकतं, म्हणजे जाण्याच्या वाटेवरच २३ मायक्रोसेकंदांचा फरक. आणि असा फरक पोटात घालायला सिग्नलच्या प्रत्येक तुकड्याआधी ठेवलेली मोकळीक, म्हणजे सायक्लिक प्रीफिक्स, १५ किलोहर्ट्‌झच्या उपवाहकावर जेमतेम पाच मायक्रोसेकंदांची.

यावरचा तोडगा मला आजही देखणा वाटतो. उपग्रहाची जागा आणि वेग नेटवर्क सतत प्रसारित करत असतं. यंत्र जीपीएसवरून स्वतःची जागा ठरवतं. मग दोन्हींचा हिशेब मांडून, तोंड उघडायच्या आधीच, ते आपली फ्रीक्वेन्सी आणि वेळ तेवढीच उलट सरकवून घेतं. वर सगळी यंत्रं एका तालात ऐकू येतात. लॅबमध्ये उपग्रहापर्यंतच्या वाटेची नक्कल करणाऱ्या चॅनल एम्युलेटरवर हे पहिल्यांदा जमलं, तेव्हा आम्ही तो आलेख बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

भूस्थिर उपग्रहाशी सूर जुळवणं त्यामानानं सोपं. तो ३५,७८६ किलोमीटरवर जवळजवळ जागच्या जागी असतो. इंधन वाचवायला काही जुन्या उपग्रहांची कक्षा थोडी कलू देतात, मग ते दिवसभरात आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढतात. सावरायचं ते तेवढंच. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागतो. अंतर साठपट, म्हणजे वाटेतली सिग्नलची घट सुमारे ३५ डेसिबल जास्त, त्यामुळे तेच शब्द पुनःपुन्हा पाठवावे लागतात. शिवाय समोरचं आकाश मोकळं हवंच. तिथे दक्षिण गोलार्ध, उपग्रह उत्तरेच्या बाजूला. टाकीच्या दक्षिणेला बसवलेलं आमचं एक यंत्र पोलादी भिंतीच्या आडोशाला गेलं आणि काढून पलीकडे लावावं लागलं.

कागदावर मी पळणारा उपग्रहच निवडला असता, बॅटरीच्या दृष्टीनं तरी. चाचणीत मात्र एकाच गोष्टीनं आम्हाला जेरीला आणलं.

आमच्या मॉड्यूलमध्ये जीपीएस आणि एनबी-आयओटी यांच्यात रेडिओ एकच. एक चालू असेल तर दुसरं बंद. रिलीज १७ नं हे गृहीतच धरलंय. जीपीएस उपग्रह आपली कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतात आणि ती काही तासच ताजी राहते. सहा तासांनी उठणाऱ्या यंत्राकडची माहिती शिळीच, म्हणून प्रत्येक वेळी अर्धं मिनिट किंवा जास्त फक्त ‘मी कुठे आहे’ हे शोधण्यात जायचं. टाकी जागची हललेली नाही, तरीही! मानकात याला सवलत आहे. आपली जागा कधीच शिळी होत नाही, असं यंत्र नेटवर्कला कळवू शकतं. आमच्या मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये ती सोय नव्हती. आणि बोलणं चालू असताना जागेची मुदत संपली, की जोडणी सोडून पुन्हा जीपीएसकडे जाणं आलं.

आता याला उपग्रहाच्या फेरीशी जोडून पाहा. ६०० किलोमीटरवरचा उपग्रह अगदी डोक्यावरून गेला तरी ३० अंशांच्या वर जेमतेम चार मिनिटं असतो. त्यात उपग्रहाची माहिती वाचायची, नेटवर्कमध्ये शिरायचं, निरोप द्यायचा. जीपीएस आधी उरकून ठेवावं, तर उपग्रह येईपर्यंत मुदत सरत जाते. उशिरा करावं, तर फेरीतला वेळ खाल्ला जातो. मधे काही बिघडलं की उपग्रह निघून गेलेला, आणि आमच्या चाचणीत तर वर मोजकेच उपग्रह होते. पुढची फेरी कित्येक तासांनी.

भूस्थिर उपग्रहावरही हीच अडचण आली, अगदी तशीच. पण तिथे जोडणी तुटली की यंत्र जीपीएस करून परत यायचं आणि उपग्रह होता तिथेच असायचा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला निरोप जायचा. बॅटरी थोडी जास्त गेली असेल. काटेकोर मोजमाप करायच्या आधीच आमचा कौल ठरला होता. डिसेंबर-जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, रात्री तक्रारीचे फोन वाजायचे थांबले, हे मला पुरेसं वाटलं.

सगळ्यांनी हेच करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमचं यंत्र नॉर्वेत ट्रॉम्सोकडे बसणार असेल, तर तिथे भूस्थिर उपग्रह जास्तीत जास्त ११-१२ अंशांवर दिसतो. एखादी टेकडीही त्याला झाकेल. तिथे पळणारेच बरे. उपग्रहांची संख्या वाढून एकामागे एक येऊ लागले, तरी माझा मुख्य आक्षेप बराचसा गळून पडतो. रिलीज १८ मध्ये जोडणी न सोडता पुन्हा जीपीएस करायची सोयही आली आहे.

तेव्हा मॉड्यूल विकणाऱ्याला एवढं आवर्जून विचारा: स्थिर यंत्राची जागा हातानं भरून ठेवता येते का, आणि ती मुदतीशिवाय ग्राह्य धरली जाते का? दोन्हींना ‘हो’ असेल, तर पळणारा उपग्रह एकदा जरूर आजमावून पाहा. ‘पुढच्या आवृत्तीत येईल’ असं उत्तर मिळालं, तर मी तरी भूस्थिरच घेईन आणि यंत्र टाकीच्या उत्तरेला लावीन.