स्टॅड-ईटॅब्सचा क्लास लावताय? हप्ता कुणाचा आहे ते आधी बघा

सिव्हिलची डिग्री झाली, आता साइटवर उन्हात न उभं राहता डिझाइनमध्ये जायचं, असं ठरवलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. पुण्यातल्या एका क्लासने आमच्या अख्ख्या बॅचच्या तोंडाला पानं पुसली.

रिव्हिट, स्टॅड, ईटॅब्स ही इमारतीच्या ड्रॉइंग-डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवणार आणि वर शंभर टक्के नोकरी. फी 85,000. ‘एकदम कशाला भरताय, बिनव्याजी हप्ते आहेत की,’ म्हणत काउन्सेलर मॅडमनी आधार-पॅन घेतलं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी स्वतःच टाकला. ते होतं फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज! क्लासला सगळी रक्कम आधीच मिळाली. मग शिकवणारा निघून जावो नाहीतर क्लासला टाळं लागो, हप्ता कापला जाणारच. खात्यात पैसे नसले की बाउन्सचा दंड, वर सिबिल खराब.

शिकवणं म्हणजे क्रॅक केलेलं ईटॅब्स. ‘सॉफ्टवेअर फी’ मात्र वेगळी घेतली. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना रिव्हिट आणि ऑटोकॅड फुकट वापरायला देतं, हे तिथे कुणी बोललं नाही. सर क्लिक करत, मागोमाग आम्ही. बीमवर भिंतीचा भार मीटरला 12 किलोन्यूटन टाका म्हणाले, टाकला.

पुढे एका कन्सल्टंटने मुलाखतीत विचारलं, हे 12 आले कुठून? मजला 3 मीटर, बीम 450 मिमी, म्हणजे भिंत उरली 2.55 मीटर. जाडी 230 मिमी, विटकाम घनमीटरला 20 किलोन्यूटन. गुणाकार 11.73, म्हणजे जवळपास 12. एवढंच गणित, तेही त्यांनीच कागदावर करून दाखवलं. मग म्हणाले, विटांऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे वापरले तर? भार जेमतेम एक तृतीयांश उरतो, आणि भूकंपाचा भार इमारतीच्या वजनावर ठरत असल्याने तोही उतरतो. क्लासमध्ये आयएस 1893, म्हणजे भूकंपाच्या भाराचं भारतीय मानक, आम्ही फक्त ड्रॉपडाउनमध्ये बघितला होता.

नोकरीचं म्हणाल तर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात फक्त ‘मुलाखती लावून देऊ’ होतं. लावल्या त्या साइट सुपरवायझरच्या, एक तर चक्क टेलिकॉलरची! नाही म्हटलं की क्लास हात वर करायला मोकळा.

कर्ज मोबाइलवरून झालं असेल तर लगेच कागद बघा. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडायला सुरुवातीला थोडी मुदत द्यावीच लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. आणि मूळ विषय पक्का करायचा तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत.

आम्ही काही जणांनी मिळून तक्रार केली आहे. फायनान्सवाले म्हणतात क्लासला विचारा, क्लासवाले म्हणतात फायनान्सला. आमच्या बॅचपैकी कुणाकडे पावती, जाहिरात किंवा काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर डिलीट करू नका, लागणार आहेत.