अकलूजची शार्डोने, आणि बर्फ जरा कमी करा की

सोलापुरात व्हाईट वाईन म्हटलं की लोक अजून नाक मुरडतात, बायकांचं सरबत म्हणून. फ्राटेली वायनरीची व्हिटे शार्डोने घ्या एकदा, मग बोला. आपल्याच जिल्ह्यातली, अकलूजकडची, पण वळण सगळं फ्रान्समधल्या बरगंडी भागातल्या वाईनचं, द्राक्ष तेच, शार्डोने नावाचं, आणि ओकच्या लाकडी बॅरलमध्ये मुरवलेली.

दिसायला फिकट सोनेरी. एकदम गार असताना नुसतं लिंबू आणि लाकूड, वाटतं एवढंच? पण फ्रिजमधनं काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली ना की खरी मजा, आधी पिकलेलं पेर, मग भाजलेल्या काजूचा वास आणि मागनं हळूच लोणी. आता हे लोणी काय कुणी घालत नाही बरं का, कच्च्या सफरचंदात जे आंबट असतं ते मॅलिक अ‍ॅसिड, या स्टाईलच्या वाईनमध्ये बॅक्टेरिया त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड करून टाकतात, दह्याताकातलं असतं तेच, आणि त्या भानगडीत डायअ‍ॅसिटिल तयार होतं, खऱ्या लोण्याच्या वासातही तेच असतं. म्हणून घोट जिभेवर भरीव लागतो, आणि गिळल्यावर आंबटपणा येऊन तोंड परत मोकळं. लय आवडलं मला हे. आइस बकेटमध्ये बुडवून ठेवली तर यातलं काहीच कळत नाही, 11-12 डिग्री बास.

लाकडाचा वास झेपत नसेल तर शाब्ली बघा, तीपण बरगंडीचीच आणि शार्डोनेचीच, पण बरीचशी स्टीलच्या टाकीत होते, धारदार असते. खिशाला मात्र जड.

सोबत काय? शेंगाचटणी अजिबात नको, लसूण आणि तिखटापुढे वाईन गप्पच बसते, वर अल्कोहोलनं जाळ अजून वाढतो. मलई टिक्का मस्त जातो. आणि थंडीत गुळभेंडी ज्वारीचा गरम हुरडा, नुसता, चटणी बाजूला सारून... त्याचा गोडसर धुरकट वास आणि हा ओक, काय जमतंय म्हणून सांगू!

घेताना एक बघा. इथल्या एका दुकानात बाटल्या थेट उन्हाच्या काचेत उभ्या, बाहेर 42 डिग्री, विचारलं तर म्हणे डिस्प्लेला आहेत ओ. तसली घेऊ नका, आतल्या गार खोलीतली काढून मागा, नसेल तर दुसरं दुकान.