जुना गॅस ग्रिल, दहा महिन्यांनंतर: पावसाच्या आधी कूलरनंच गंजवला

दिवाळीनंतर बंद होत असलेल्या एका कॅफेतून तीन बर्नरचा गॅस ग्रिल साडेसात हजारांत उचलला. बघायला जाताना खिशात चुंबक नेलं होतं. झाकणाला ते चिकटलं नाही, बर्नरवरच्या तिरक्या पत्र्यांना मात्र टक्कन चिकटलं. म्हणजे साधं लोखंड किंवा निकेल नसलेलं स्टील, दोन्ही निकेलवाल्या स्टीलपेक्षा लवकर गंजणारी. मी मान डोलावली आणि तरीही घेतला.

पहिल्या सफाईत दोन रविवार गेले. बिडाच्या जाळ्यांवर गंजाची खपली होती. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून एक जाळी दोन तास भिजवली, काथ्यानं घासली, छान निघाली. दुसरी आळसानं रात्रभर ठेवली, तर सकाळी राखाडी आणि खरखरीत. आम्लानं गंजासोबत बीडही खाल्लं होतं. खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुतली आणि वाळत ठेवून चहा घ्यायला गेलो. परत येईस्तोवर तिच्यावर नारिंगी झाक. तेव्हापासून धुतलेली जाळी आधी आचेवर, मग चहा.

तेलाचा थर देताना विदर्भाचा अभिमान नडला. आमच्याकडचं जवसाचं तेल वाळून कडक होतं म्हणून तेच लावलं, तेही सढळ हातानं. जाळी गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी चिकट झाली. पुन्हा घासून, तेल लावून, आता काही उरलंच नाही असं वाटेपर्यंत पुसून, झाकण बंद ठेवून तासभर तापवली. काळीशार झाली खरी, पण मार्चमध्ये पापुद्रे सुटायला लागले. आता घरातलंच सोयाबीन तेल, दर वापरानंतर जाळी कोमट असताना, जुन्या सुती फडक्यानं. दिसायला साधं, पण टिकतंय.

हिवाळाभर काम चोख झालं. भरताची वांगी यावर फार सुरेख भाजतात. फक्त त्यांचं पाणी गळून खालच्या पत्र्यावर बसतं, आणि दह्याचं मॅरिनेशन त्याहून वाईट. मीठ आणि आंबट एकत्र आलं की पत्र्याचं काही खरं नाही. म्हणून शेवटचं पनीर उतरवलं की दहा मिनिटं मोठी आच, मग गरम असतानाच खरवडणं. तारेचा ब्रश मी टाकून दिला. त्याची तुटकी तार जाळीत अडकून घासात येऊ शकते.

आता मुख्य रडगाणं. मला धास्ती होती पावसाळ्याची, आणि ग्रिल गंजला मे महिन्यात. बाहेर पारा 45 च्या घरात, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली ग्रिल, आणि त्याच भिंतीला कूलर. पंप जोरात चालला की गवताच्या ताट्यांतून तुषार उडायचे आणि ग्रिलचा डावा पाय रात्रभर भिजायचा. वर मी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधलेली. आत शिरलेला ओलावा आतच. उघडलं तर झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते. कूलरवाला ताट्या बदलायला आला होता, तो बघून म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर याला वाफाळून राहिले."

दुसरी चूक घरातलीच. खालच्या कपाटात जागा रिकामी दिसली म्हणून आईनं तिथं बाथरूमच्या ॲसिडची बाटली ठेवली. झाकण बंद असूनही त्याची वाफ निघते, आणि त्यातला क्लोरीनचा अंश चांगल्या स्टीलवरही टोचल्यासारखे डाग पाडतो. दारावरचे स्क्रू तपकिरी झाले तेव्हा बाटली सापडली. बोलणार कोणाला? "आई, इथं नको ठेवू" एवढंच म्हटलं.

जूनमध्ये ग्रिल जिन्याखाली हलवला, पाय विटांवर घेतले. ताडपत्रीऐवजी जाड कापडाचं कव्हर आणलं, खाली वीतभर उघडं, वारा खेळेल असं. पूर्ण थंड झाल्याशिवाय ते घालत नाही. पावसाळ्यात स्वयंपाक नसला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पेटवतो. पावसात त्यावर नवा गंज आला नाही. गेलेले तिरके पत्रे नागपुरातल्या इतवारीच्या लोहाओळीतून 304 ची, म्हणजे निकेलवाल्या स्टेनलेस स्टीलची, शीट आणून वाकवून घेतले.

पोळ्याच्या सुमारास मधला बर्नर पिवळा जळू लागला, नंतर बटणाजवळ भपका आला. लगेच सिलिंडर बंद केला. बर्नर काढला तर हवा ओढणाऱ्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, अगदी नीट लिंपलेलं. बाटली धुण्याच्या ब्रशनं नळी साफ केली, बर्नरची छिद्रं स्टोव्हच्या पिननं. जेटला, म्हणजे गॅस जिथून बर्नरमध्ये येतो त्या बारीक तोंडाला, मात्र पिन लावली नाही. ते भोक जरा जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो. पुन्हा जोडल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. रबरी नळी मी घेतल्याच दिवशी बदलली होती, कॅफेवाल्या नळीवरची तारीख केव्हाच उलटून गेली होती.

डाव्या पायाला खालून एक भोक पडलंय, तिथं चाक लचकतं. दसऱ्याच्या आधी वेल्डिंगवाल्याकडे न्यायचंय. कूलर पुढच्या उन्हाळ्यात बेडरूमच्या खिडकीला लावणार आहोत, आईला ते मान्य नाही.